हूक कुठं लावायचा

आमच्या शेडवर लोक ट्रॉली बघायला येतात. पत्रा किती जाड, फाळके किती उंच, रंग कोणता, मागं काय लिहून मिळेल, हे सगळं विचारतात. एका गृहस्थांनी मागच्या फाळक्यावर आधी मुलाचं नाव टाकावं की मुलीचं, यावर माझ्याबरोबर अख्खी दुपार घालवली. शेवटी बायकोचं टाकलं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्या जागी एकमेकांना धरतात, त्या जागेबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ती जागा माझी. पडेगावच्या रस्त्याला सलीमभाई आणि मी मिळून हे दुकान टाकलं तेव्हाच आमची वाटणी ठरली होती. ट्रॉलीचं धड सलीमभाईनं बनवायचं आणि जोड मी बघायची. सलीमभाई मूळचा सिल्लोडचा. वेल्डिंगला त्याचा हात असा की शिवण कुठून सुरू झाली ते मलाही सापडत नाही.

मी जोशी. घराणं भिक्षुकीचं. वडील नव्वदीला टेकले आहेत, गुलमंडीच्या मागं राहतात आणि अजून पंचांग बघून लोकांच्या अडचणी सोडवतात. मी हातात वेल्डिंगचं होल्डर घेतलं तेव्हा नातेवाइकांनी शोकसभेला आल्यासारखे चेहरे केले होते. धंद्यात मात्र आडनावाचा फायदाच झाला. गिऱ्हाईक माझ्याकडून ट्रॉलीबरोबर मुहूर्तही मागून घेतं. नवी ट्रॉली न्यायला येताना हळद-कुंकू, हार, नारळ आणायचा आणि नारळ हुकावर फोडायचा, हा आमच्याकडचा रिवाज. "बुवा, दोन शब्द म्हणा," असं म्हटलं की मी गणपतीची आरती पुटपुटतो, कारण मला तेवढंच येतं. सलीमभाई डोक्याला रुमाल बांधून अदबीनं शेजारी उभा राहतो. आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

आता जोड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. ट्रॅक्टरला ओढायच्या दोन जागा असतात. एक म्हणजे खाली, धडाला पक्का बोल्ट केलेला हूक. तो हलत नाही, वर-खाली होत नाही, दिसायला अगदी सामान्य. दुसरी जागा म्हणजे अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या दोन हातांच्या मधोमध बसवलेली भोकाची पट्टी. लिव्हर ओढली की ही पट्टी वर जाते, सोडली की खाली येते. ती शेतातल्या हलक्या कामाला. जड ओझं ओढायचं असेल तर हूक, आणि हूकच. कारण ओढ जितकी खालून, तितका ट्रॅक्टर जमिनीला धरून राहतो. ओढ वर गेली, किंवा मागच्या चाकांपासून लांब गेली, की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर फिरवू नका, तो आपल्या मनानं जातो. चढावर तर तोंड उचलूनच घेतो. आणि मागं उलटलेल्या ट्रॅक्टरखालून चालवणारा माणूस निघत नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो आणि मग रंगाचं विचारतो.

हूक बरोबर निवडला तरी प्रश्न संपत नाही. हुकात ट्रॉलीची कडी, कडीतून पिन, आणि पिनेच्या खालच्या टोकाला एक बारीक भोक असतं. त्या भोकात क्लिप घालायची, म्हणजे खड्ड्यात आदळली तरी पिन वर उडत नाही. सिल्लोडचे एक मक्याचे व्यापारी होते. त्यांची रिकामी ट्रॉली स्पीडब्रेकरवर पिन उडून सुटली आणि ट्रॅक्टरच्या आधी अडत बाजारात पोहोचली. मक्याच्या ढिगात शिरली म्हणून कोणाला काही झालं नाही. ते पिन घेऊन माझ्याकडे आले. बघतो तर क्लिपेच्या भोकात तार घालून लिंबू-मिरची टांगलेली. मी म्हटलं, शेठ, हे भोक क्लिपेचं आहे. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "तरीच. लिंबू लई दिवसाचं झालं होतं." मी त्यांना क्लिप बसवून दिली आणि लिंबासाठी शेजारी वेगळं भोक पाडून दिलं. माणसाचं मन मोडून धंदा होत नाही.

शहरातलं गिऱ्हाईक आणखी वेगळं. मध्यंतरी एक तरुण इंजिनिअर आले. चांगली मोठी गाडी, आणि तिच्यामागं खाण्याच्या पदार्थांचा ट्रेलर ओढायचा होता. गाडीच्या मागं लोखंडी गोळा आणि ट्रेलरच्या टोकाला त्यावर बसणारी वाटी, अशी ती व्यवस्था असते. गोळा त्यांनी एकीकडून मागवला होता, वाटी दुसरीकडून. गोळा लहान, वाटी मोठी. "बसतंय की," ते म्हणाले. बसतच होतं. लहान डोकं मोठ्या टोपीतही बसतं, वारा येईपर्यंत. मी गोळा हातानं धरून वाटी हलवून दाखवली, ती खडखडली. त्यांनी लगेच मोबाइल काढून कोणाला तरी फोन लावला, आणि दुसरा गोळा मागवून घेतला. जाताना सुरक्षेची साखळीसुद्धा दोन्ही बाजूंनी, आडवी-तिडवी करून लावून गेले. असं गिऱ्हाईक आलं की सलीमभाई म्हणतो, "इसमें मज्या नै, बुवा. एकदम सीधा आदमी."

मजा टँकरमध्ये असते. आमच्या शहरात उन्हाळा लागला की नळापेक्षा टँकरची वाट जास्त बघितली जाते. ट्रॅक्टरमागं ओढायचा दोन चाकांचा पाण्याचा टँकर बनवणं हे आमचं हंगामी काम. ऊस किंवा वीट जिथं ठेवली तिथं राहते. पाणी राहत नाही. परातीत पाणी घेऊन चालून बघा म्हणजे कळेल. ब्रेक मारला की सगळं पुढं धावतं आणि ट्रॅक्टरला ढकलतं, चढ लागला की मागं धावतं. म्हणून टाकीच्या आत आम्ही पत्र्याचे आडवे पडदे मारतो, खाली थोडी जागा ठेवून. गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत, त्यामुळं त्याबद्दल आमचं कौतुकही होत नाही.

असाच एका उन्हाळ्याच्या तोंडाशी बबनरावांचा टँकर आमच्याकडे होता. बबनरावांचं शेत पडेगावच्या मागच्या अंगाला, आणि शेतातल्या विहिरीला मे महिन्यातही पाणी. टेकडीच्या उतारावर नव्या कॉलन्या झाल्या होत्या, तिथं ते पाणी पुरवायचे. जुना छोटा टँकर चालू होता, आता मोठा हवा होता. बोलायला मोठे रसाळ. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र ते ट्रॅक्टर चालवत नसत. चालवायच्या त्यांच्या बायको, कौसल्यावहिनी. "मालक मी, पायलट ह्या," अशी ते ओळख करून द्यायचे. वहिनी डोक्यावर पदर आणि त्यावर टोपी घालून चालवत. शेडवर आल्या की ट्रॅक्टर सावलीला लावायच्या आणि त्याच्याच मडगार्डवर बसून राहायच्या. बोलणं सगळं बबनरावांचं. मीही विचारायचं ते त्यांनाच विचारायचो. चढ किती आहे, रस्ता कसा आहे, खेपा किती होतात. ते सगळ्याची उत्तरं द्यायचे, न अडखळता.

टाकी तयार झाली, रंग झाला. मागं त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'पूर्ण रिकामा करून मिळेल'. मी विचारलं, हे काय. तेव्हा त्यांनी मला त्यांची युक्ती सांगितली.

"कॉलनीवाले लई बेकार लोक आहेत, बुवा," ते म्हणाले. "टाकी खाली झाली म्हणलं की काठी घेऊन येतात, बुडाला ठोकून बघतात. बदबद वाजलं की म्हणतात, अजून पाणी हाय, काढा. तळाचं पाणी वालातून येतंय व्हय? मग म्या काय केलं, टँकर हुकाला लावायचाच नाय. पट्टीला लावायचा. लिव्हर वर केली की टँकरचं नाक वर, पाणी सगळं मागं, थेंब राहत नाय."

युक्ती खरंच चांगली होती. पट्टी पाणी काढायला वर केली जायची आणि मग तशीच वर राहायची, कारण खाली केली की टँकर उभा करायचा पुढचा टेकू स्पीडब्रेकरला घासायचा. म्हणजे भरलेला टँकर, भोकाच्या पट्टीला, तीही वर उचललेली, आणि टेकडीचा चढ. जे जे करू नये असं मी वर लिहिलं आहे ते सगळं या माणसानं एका जागी गोळा केलं होतं. तेही कशासाठी, तर कोणी काठीनं ठोकलं तर आवाज चांगला यावा.

मी त्यांना समजावलं. म्हटलं, तळाचं पाणी काढायचा दुसरा उपाय आहे. टाकीखालची मागची बैठक कापून खाली घेतो. टाकी कायमची मागं कलती बसेल, पाणी आपोआप मागच्या वालाच्या तोटीकडं येईल. वजन मागं जाईल म्हणून चाकंही थोडी मागं सरकवू. आणि ओढायचं हुकाला.

"किती दिवस लागतील?"

"हंगामाची पहिली घाई निघून जाईल."

"मग नको. जुना टँकर बी पट्टीलाच लावतो. मागचा उन्हाळा निघाला की. काय झालं का?" ते वहिनींकडं न बघता म्हणाले. वहिनी मडगार्डवर बसल्या होत्या, खाली बघत.

मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, या पंधरवड्यात मुहूर्तच नाही.

बबनराव जायला उठले. लोखंडाबद्दल ते माझ्याशी दिवसभर वाद घालू शकत होते, मुहूर्ताबद्दल नाही. ते गेल्यावर सलीमभाईनं मशीन बंद केलं आणि विचारलं, "बुवा, पंचांगमें पट्टी का भी लिखा रहता क्या?"

"शोधलं तर सापडेल," मी म्हणालो.

मी खूश होतो. माझी खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. बबनराव इथून थेट गुलमंडीच्या मागं गेले होते, माझ्या वडिलांकडं. मोठ्या बुवांकडून शहानिशा करून घ्यावी, एवढाच त्यांचा भाबडा हेतू. वडिलांनी पंचांग उघडलं आणि उद्याची सकाळ उत्तम आहे असं सांगितलं. वर मला फोन केला.

"अनंता, तू कधीपासून मुहूर्त सांगायला लागलास?"

मी सगळी हकीगत सांगितली. पट्टी, चढ, वहिनी. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली.

"मग त्याला हे सांग ना," ते म्हणाले.

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"ऐकत नाही म्हणून ग्रहांना कशाला मध्ये घेतोस? उद्याची सकाळ चांगली आहे, ती चांगलीच राहील. लोखंडाचं तू बघ." आणि फोन ठेवला. वडिलांनी आयुष्यात कोणाला खोटा दिवस सांगितला नाही. मला त्यांचा राग आला आणि बरंही वाटलं.

सकाळी दोघं आले. वहिनींनी ट्रॅक्टर आणला होता, बबनरावांच्या हातात पूजेची पिशवी होती. टाकी पाण्यानं भरलेली होती. गळती आहे का बघायला आम्ही प्रत्येक टाकी भरून ठेवतो. मी म्हटलं, रिकामी करून देतो. बबनराव म्हणाले, "राहू द्या. शुभ कामाला भरलं भांडं समोर आलं तर कोणी उपडं करतं का? पहिली खेप इथूनच नेतो." हे त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की सलीमभाईनंही मान हलवली.

त्यांनी स्वतः उभं राहून टँकर पट्टीला लावून घेतला. पिनेत क्लिप घातली, ती बरोबर घातली. लिव्हर ओढून पट्टी वर घेतली. नारळ पट्टीवरच फुटला. आमचं शेड रस्त्यापेक्षा बरंच खाली आहे, त्यामुळं रस्त्यावर चढायला मुरुमाचा एक आखूड, उभा चढ आहे. वहिनींनी टोपी घट्ट केली आणि ट्रॅक्टरवर चढायला पाय ठेवला. मी पुढं जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, तुम्ही नका बसू."

"काहून?" बबनराव म्हणाले.

"पट्टी तुमची, हट्ट तुमचा. तुम्हीच काढा बाहेर."

मला वाटलं होतं की ते गुडघ्याचं कारण सांगतील, बोलणं पुन्हा सुरू होईल आणि मला टाकी थांबवता येईल. पण शेजारच्या टायरवाल्याकडची माणसं तमाशा बघायला येऊन उभी राहिली होती. बबनरावांनी पिशवी वहिनींकडं दिली आणि ते ट्रॅक्टरवर चढून बसले. मी अडवलं, नको म्हणालो, त्यांनी हात झटकला. सलीमभाईला माझ्याआधी कळलं. त्यानं दोन मोठे दगड उचलले आणि टँकरच्या चाकांमागून चालायला लागला.

ट्रॅक्टर चढाला लागला. पुढची चाकं चढावर गेली, मागची गेली, टँकर चढाच्या तोंडाशी आला आणि ओढ बसली. पुढची चाकं जमिनीवरून सुटली. सावकाश सुटली, घाई नव्हती. आधी वीतभर, मग कमरेएवढी. बबनराव स्टेअरिंगला धरून मागं कलले होते आणि त्यांना समोर फक्त आभाळ दिसत असणार. त्यांचा दुखरा पाय क्लचवर होता आणि तो हलत नव्हता.

"क्लच दबाव, काका! क्लच!" सलीमभाई ओरडला.

पाय दबला. ट्रॅक्टरचं तोंड खाली आदळलं, सगळं लचांड मागं घसरलं आणि सलीमभाईनं चाकांमागं टाकलेल्या दगडांना टेकून थांबलं. इंजिन बंद पडलं. टाकीतलं पाणी आत बराच वेळ हेलकावे खात होतं, तेवढाच आवाज येत होता. टायरवाल्याकडची माणसं हळूहळू आपापल्या कामाला निघून गेली.

आम्ही बबनरावांना धरून खाली उतरवलं आणि सावलीला पत्र्याच्या ढिगावर बसवलं. सलीमभाईनं पाणी दिलं. माझ्या मनात बरंच काही बोलायचं होतं, सगळं मुद्देसूद. मी सुरुवात करणार तेवढ्यात कौसल्यावहिनी जवळ आल्या. पूजेची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

"रोज असंच उठतंय," त्या म्हणाल्या.

बबनरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या टेकडीच्या चढाला. भरला टँकर असला की रोज उठतंय. असंच." त्यांनी हातानं उंची दाखवली. "मग मी क्लच दाबते, खाली येतं. परत सोडते, परत उठतंय. हे म्हणायचे, तुला क्लच सोडता येत नाय. मला वाटलं, मलाच येत नाय."

मागचा अख्खा उन्हाळा. मी मडगार्डवर बसलेल्या या बाईसमोर उभा राहून त्यांच्या नवऱ्याला विचारत होतो की चढ कसा आहे. मी वाकून हुकाशी काहीतरी बघत असल्यासारखं केलं.

बबनराव म्हणाले, "मला सांगायचं तर खरं."

"तुम्हालाच सांगत होते की," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. जे झालं ते सांगितल्यासारखा आवाज होता.

बबनराव दोन्ही हातांनी गुडघा धरून बसून राहिले. बायकोकडं बघायचं त्यांना जमेना. त्यांनी सलीमभाईकडं मान वळवली.

"कापा ती बैठक," ते म्हणाले. "लागू द्या लागतील ते दिवस."

टाकी भरलेली असताना खालून कापता येत नाही. मी कोणाला काही सांगायच्या आत कौसल्यावहिनींनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि मागं जाऊन वाल उघडला.